‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातील नियमसंघर्ष आणि त्यांचे निराकरण : एक विवेचन

गोषवारा

संग्राह्य पत्त्यांच्या खेळात प्रत्येक पत्ता स्वतःचा एक नियम घेऊन येतो. त्यामुळे दोन पत्त्यांचे नियम परस्परविरोधी ठरून पेचाचे प्रसंग निर्माण होतात. १९९३ पासून खेळल्या जाणाऱ्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात असे पेच सोडविण्याची सविस्तर व्यवस्था विकसित झाली आहे. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेतील प्रमुख तत्त्वांचे सोदाहरण स्पष्टीकरण केले असून पाणिनीय व्याकरणपरंपरेतील नियमबलाबलविचाराशी त्यांचे असलेले साम्य दाखविले आहे.

बीजसंज्ञा : नियमसंघर्ष, अन्वयार्थ, स्तरव्यवस्था, अवलंबित्व, उत्सर्ग-अपवाद

प्रस्तावना

पत्त्यांच्या डावात वाद होणे ही नवी गोष्ट नाही. मेंढीकोट किंवा रमी खेळतानाही मतभेद होतात. परंतु तेथे नियम मोजके असतात आणि ते पत्त्यांच्या बाहेर असतात. बदामाची राणी स्वतः काही सांगत नाही. तिचे मूल्य खेळाचा सर्वसाधारण नियम ठरवितो. ‘मॅजिक: द गॅदरिंग’मध्ये मात्र बहुतेक पत्त्यांवर त्या पत्त्याने खेळात घडवावयाचा बदल शब्दांत छापलेला असतो. आजवर २५,००० हून अधिक वेगवेगळे पत्ते प्रसिद्ध झाले आहेत. त्यांपैकी कोणतेही दोन पत्ते एकाच डावात समोरासमोर येऊ शकतात. अशा सर्व जोड्यांचा आगाऊ विचार करून प्रत्येकीसाठी स्वतंत्र निर्णय लिहून ठेवणे कोणत्याही नियमकर्त्याला शक्य नाही.

येथेच या विषयाचे शैक्षणिक महत्त्व आहे. मर्यादित नियमांनी अमर्याद प्रसंगांचा निवाडा कसा करावा, हा प्रश्न कायदा, व्याकरण, संगणकशास्त्र आणि प्रशासन या सर्वच क्षेत्रांना भेडसावतो. नियमकर्त्याला न सुचलेला प्रसंग उद्भवला असता निर्णय देणाऱ्याने स्वतःच्या न्यायबुद्धीवर विसंबावे, की नियमांतूनच उत्तर निघेल अशी पद्धती घडवावी? या खेळाने दुसरा मार्ग पत्करला.

खेळाची रचना आणि नियमग्रंथ

गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. १९९९ मध्ये ही कंपनी हॅस्ब्रोने विकत घेतली. १९९६ पासून या खेळाच्या रोख पारितोषिकांच्या व्यावसायिक स्पर्धा सुरू झाल्या. पारितोषिके आली तेव्हा नियमांच्या अन्वयार्थाला आर्थिक परिणामही प्राप्त झाला. घरगुती डावात समजुतीने मिटणारा मतभेद स्पर्धेत पंचाच्या निर्णयाचा विषय बनला.

खेळाच्या रूढ प्रकारात प्रत्येक खेळाडू स्वतः निवडलेला किमान ६० पत्त्यांचा संच आणतो आणि २० जीवनगुणांनी डावास प्रारंभ करतो. भूमीच्या पत्त्यांपासून ‘माना’ नावाची शक्ती मिळते आणि ती खर्चून मंत्र, प्राणी इत्यादी पत्ते खेळता येतात. प्राण्याच्या पत्त्यावर दोन अंक असतात. पहिला प्रहारशक्तीचा आणि दुसरा सहनशक्तीचा. वापरून झालेले वा नष्ट झालेले पत्ते ‘ग्रेव्हयार्ड’ नावाच्या ढिगात जातात.

खेळाचा सर्वंकष नियमग्रंथ अडीचशेहून अधिक पानांचा आहे. त्याचे नऊ विभाग असून प्रत्येक नियमास क्रमांक आहे. नव्या पत्त्यांबरोबर या ग्रंथातही दुरुस्त्या होत राहतात. पत्त्यावर छापलेला मजकूर जुना झाला असल्यास ‘ओरॅकल’ या अधिकृत नोंदसंग्रहातील सुधारित मजकूर ग्राह्य धरला जातो. म्हणजेच वाद सोडविण्याची पहिली पायरी अधिकृत पाठ निश्चित करणे ही आहे. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ही पायरी परिचित वाटेल.

पायाभूत सूत्रे

नियमग्रंथातील नियम १०१ मध्ये सर्व निर्णयांना आधारभूत असलेली सूत्रे दिली आहेत. पहिले सूत्र असे की, पत्त्यावरील मजकूर आणि नियमग्रंथ यांत प्रत्यक्ष विरोध असेल तर पत्ता प्रमाण मानावा. दुसरे असे की, एक परिणाम एखादी गोष्ट करण्यास मुभा देतो आणि दुसरा ती ‘होऊ शकत नाही’ असे सांगतो, तेव्हा निषेध श्रेष्ठ ठरतो. तिसरे असे की, आज्ञेचा जो भाग अशक्य असेल तेवढाच सोडून द्यावा. चौथे असे की, दोन्ही खेळाडूंना एकाच वेळी निर्णय घ्यावयाचे असल्यास ज्याची पाळी चालू आहे त्याने प्रथम निर्णय घ्यावा.

या संदर्भात २००३ मधील ‘प्लॅटिनम एंजल’ हा पत्ता पाहण्यासारखा आहे. हा पत्ता ज्याच्याकडे खेळात असेल तो खेळाडू हरू शकत नाही आणि त्याचे प्रतिस्पर्धी जिंकू शकत नाहीत. जीवनगुण शून्यावर आले की खेळाडू हरतो, हा सर्वसाधारण नियम. परंतु पत्त्यावरील निषेधामुळे तो येथे निष्प्रभ होतो. मात्र खेळाडूने स्वतःहून पराभव मान्य केल्यास हा पत्ताही त्याला अडवू शकत नाही. डाव सोडण्याचा हक्क कोणत्याही पत्त्याला हिरावता येत नाही, असा पहिल्या सूत्राला अपवाद नियमग्रंथाने स्पष्टपणे नोंदविला आहे. अपवादालाही मर्यादा असते, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

क्रमाचा प्रश्न : स्टॅक

अनेक पेचांचे मूळ ‘आधी काय घडले’ या प्रश्नात असते. १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीच्या नियमांबरोबर ‘स्टॅक’ ही संकल्पना आणली गेली. स्टॅक म्हणजे चळत. खेळलेला मंत्र तत्काळ परिणाम करीत नाही, तो चळतीवर ठेवला जातो. प्रतिस्पर्ध्यास उत्तर देण्याची संधी मिळते आणि त्याचा मंत्र वर ठेवला जातो. दोघांनीही पुढे काही करावयाचे नाही असे सांगितले म्हणजे सर्वांत वरचा मंत्र प्रथम फलद्रूप होतो. शेवटी आलेला आधी सुटतो, ही संगणकशास्त्रातील परिचित रचना होय.

एका खेळाडूकडे २/२ अंकांचा ‘ग्रिझली बेअर्स’ हा प्राणी आहे असे समजू. प्रतिस्पर्ध्याने त्यावर तीन हानी करणारा ‘लायटनिंग बोल्ट’ खेळला. उत्तरादाखल पहिल्याने त्या पाळीपुरती +३/+३ वाढ देणारा ‘जायंट ग्रोथ’ खेळला. नंतर आलेला ‘जायंट ग्रोथ’ प्रथम फळतो, प्राणी ५/५ होतो आणि तीन हानी पचवितो. हेच दोन पत्ते उलट क्रमाने खेळले गेल्यास ‘लायटनिंग बोल्ट’ आधी फळतो, प्राणी नष्ट होतो आणि लक्ष्यच न उरल्याने ‘जायंट ग्रोथ’ वाया जातो. पत्ते तेच, प्राणी तोच. निकाल मात्र केवळ क्रमाने बदलतो. म्हणून पंचाचा पहिला प्रश्न ‘कोणी काय केले’ यापेक्षा ‘कोणत्या क्रमाने केले’ असा असतो.

क्षणाचा प्रश्न : स्थितीजन्य क्रिया

प्राणी नेमका कोणत्या क्षणी नष्ट होतो, याचे उत्तर नियम ७०४ देतो. सहनशक्तीइतकी हानी झालेला प्राणी नष्ट होणे, शून्य जीवनगुण असलेला खेळाडू हरणे इत्यादी गोष्टींना ‘स्थितीजन्य क्रिया’ म्हणता येईल. त्या चळतीवर जात नाहीत. एखाद्या खेळाडूला कृतीची संधी मिळण्याच्या ऐन आधी त्यांची तपासणी होते. मंत्र फळत असताना मध्येच ती होत नाही.

२००७ मधील ‘टार्मोगॉइफ’ या प्राण्याच्या बाबतीत हा बारकावा निर्णायक ठरतो. सर्व ग्रेव्हयार्डांतील पत्त्यांत जितके प्रकार असतील तितकी त्याची प्रहारशक्ती आणि त्याहून एकाने अधिक त्याची सहनशक्ती असते. ग्रेव्हयार्डांत केवळ भूमी आणि प्राणी हे दोन प्रकार असतील तर तो २/३ असतो. त्यावर तीन हानी करणारा ‘लायटनिंग बोल्ट’ पडला तर तो नष्ट होईल, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु ‘लायटनिंग बोल्ट’ हा ‘इन्स्टंट’ प्रकारचा पत्ता आहे आणि फळण्याच्या शेवटच्या टप्प्यात तो स्वतःच ग्रेव्हयार्डात जातो. प्रकारांची संख्या तीन होते, प्राणी ३/४ होतो आणि त्यानंतर तपासणी होते. तीन हानी ही चार सहनशक्तीपेक्षा कमी असल्याने तो वाचतो. ग्रेव्हयार्डात आधीपासूनच एखादा ‘इन्स्टंट’ असता, म्हणजे प्राणी आणि इन्स्टंट या दोन प्रकारांमुळे तो २/३ असता, तर ‘बोल्ट’ने नव्या प्रकाराची भर पडली नसती आणि तो नष्ट झाला असता. ज्या पत्त्याने मारावयाचे, त्याच्याच जाण्याने वाचावयाचे, असा हा प्रकार आहे.

निवडीचा अधिकार : प्रतिस्थापन परिणाम

काही परिणाम घटना घडण्यापूर्वीच तिचे स्वरूप बदलतात. ‘त्याऐवजी’ हा शब्द त्यांची प्रमुख खूण आहे. मजकुरातील अशा खुणा ओळखणे ही अन्वयार्थाची गुरुकिल्ली होय. ‘जेव्हा’ किंवा ‘जेव्हा जेव्हा’ या शब्दांनी आरंभ होणारे वाक्य निमित्तजन्य क्षमता दर्शविते, अपूर्णविराम असलेले वाक्य मूल्य देऊन वापरावयाची क्षमता दर्शविते, तर ‘त्याऐवजी’ हा शब्द प्रतिस्थापन सूचित करतो.

एकाच घटनेला असे दोन परिणाम लागू झाले तर? ‘फर्नेस ऑफ रॅथ’ हा पत्ता होणारी हानी दुप्पट करतो. ‘हीलिंग साल्व्ह’ पुढील तीन हानी टाळू शकतो. हे दोन्ही परिणाम लागू असताना एका खेळाडूवर ‘लायटनिंग बोल्ट’ची तीन हानी येत आहे. आधी दुप्पट केल्यास सहा होतील आणि त्यांतील तीन टळून तीन उरतील. आधी टाळल्यास दुप्पट करण्यास काहीच उरणार नाही. नियम ६१६ नुसार क्रम ठरविण्याचा अधिकार ज्याच्यावर परिणाम होत आहे त्या खेळाडूचा आहे. तो अर्थातच दुसरा क्रम निवडील. नियम जेथे क्रम निश्चित करीत नाही तेथे तो निवडीचा अधिकार कोणाचा हे निश्चित करतो, आणि तो अधिकार झळ सोसणाऱ्यास देतो.

स्तरव्यवस्था : ‘ह्युमिलिटी’ आणि ‘ओपलेसन्स’

सर्वांत गहन पेच सतत लागू असणाऱ्या परिणामांत उद्भवतात. त्यांच्यासाठी नियम ६१३ मध्ये सात स्तर सांगितले आहेत. प्रथम प्रतिकृती, नंतर अनुक्रमे ताबा, मजकूर, प्रकार, रंग, क्षमता आणि शेवटी शक्तीचे अंक असा हा क्रम आहे. सर्व परिणाम याच क्रमाने लावावे लागतात. एका स्तरात दोन परिणाम असल्यास सामान्यतः आधी खेळात आलेला आधी आणि नंतर आलेला नंतर लावला जातो. या वेळेच्या नोंदीला कालमुद्रा म्हणता येईल.

१९९७ मधील ‘ह्युमिलिटी’ हा पत्ता सांगतो की, सर्व प्राणी आपल्या सर्व क्षमता गमावतात आणि त्यांचे मूळ अंक १/१ होतात. १९९९ मधील ‘ओपलेसन्स’ सांगतो की, ‘ऑरा’ या उपप्रकाराचे पत्ते वगळता स्वतःव्यतिरिक्त प्रत्येक ‘एन्चान्टमेंट’ प्राणीही बनते आणि तिचे मूळ अंक तिच्या माना-मूल्याइतके होतात. ‘ह्युमिलिटी’ ही स्वतः चार माना-मूल्याची एन्चान्टमेंट आहे. दोन्ही पत्ते एकत्र आले म्हणजे ‘ह्युमिलिटी’ प्राणी बनते. प्राणी बनल्यामुळे ती स्वतःचीच क्षमता काढून घेते. क्षमता गेली तर ती काढून घेणार कोण, असा वर्तुळाकार पेच निर्माण होतो.

स्तरांच्या आधारे हे वर्तुळ उलगडते. चौथ्या स्तरात ‘ओपलेसन्स’मुळे ‘ह्युमिलिटी’ प्राणी बनते. सहाव्या स्तरात ‘ह्युमिलिटी’ सर्व प्राण्यांच्या, म्हणजे स्वतःच्याही, क्षमता काढते. सातव्या स्तरात अंक ठरावयाचे असतात. येथे नियम असा की, एखादा परिणाम एका स्तरात लागू होण्यास आरंभ झाला असेल तर त्यास जन्म देणारी क्षमता मध्येच नाहीशी झाली तरी तो पुढील स्तरांतही त्याच समूहावर लागू राहतो. त्यामुळे सातव्या स्तरात दोन्ही परिणाम उरतात आणि कालमुद्रा निर्णय देते. ‘ओपलेसन्स’ नंतर आली असेल तर ‘ह्युमिलिटी’ ४/४ होते. ‘ह्युमिलिटी’ नंतर आली असेल तर ती १/१ होते. ‘ओपलेसन्स’ स्वतःला वगळत असल्याने ती प्राणी बनत नाही व तिची क्षमता अबाधित राहते. प्रथमदर्शनी अनिर्णित वाटणाऱ्या प्रश्नास दोन्ही परिस्थितींत एकेक निश्चित उत्तर मिळते.

अवलंबित्व : ‘ब्लड मून’ आणि ‘अर्बोर्ग’

कालमुद्रेलाही अपवाद आहे. १९९४ मधील ‘ब्लड मून’ सर्व बिगर-मूलभूत भूमींना ‘माउंटन’ बनवितो. त्यामुळे अशा भूमीवरील मूळ क्षमताही नाहीशा होतात. २००७ मधील ‘अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ’ ही स्वतः बिगर-मूलभूत भूमी असून ती प्रत्येक भूमीला तिच्या इतर प्रकारांखेरीज ‘स्वॅम्प’ही बनविते. दोन्ही परिणाम चौथ्या स्तरात येतात.

कालमुद्रेनुसार जो आधी आला तो आधी लावावा लागला असता. परंतु ‘ब्लड मून’ आधी लावला तर ‘अर्बोर्ग’ची क्षमताच नाहीशी होते, म्हणजे तिच्या परिणामाचे अस्तित्व ‘ब्लड मून’वर अवलंबून आहे. उलट ‘अर्बोर्ग’ आधी लावल्याने ‘ब्लड मून’च्या अस्तित्वात, व्याप्तीत वा कार्यात फरक पडत नाही. असे एकेरी अवलंबित्व असेल तर ज्यावर अवलंबून आहे तो परिणाम प्रथम लावावा, असा नियम आहे. म्हणून कोणताही पत्ता आधी आलेला असो, ‘ब्लड मून’च प्रथम लागू होतो आणि कोणतीही भूमी ‘अर्बोर्ग’मुळे ‘स्वॅम्प’ बनत नाही.

व्याकरणपरंपरेशी साम्य

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकांना हे विवेचन वाचताना परिचित भूमीवर आल्यासारखे वाटेल. सुमारे ४,००० सूत्रांच्या अष्टाध्यायीत पाणिनीनेही सूत्रसंघर्षाचा विचार केला आहे. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातील दुसऱ्या सूत्राच्या परंपरागत अर्थानुसार तुल्यबळ सूत्रांचा विरोध आल्यास क्रमाने नंतरचे सूत्र प्रवृत्त होते. नागेशभट्टांच्या परिभाषेन्दुशेखरात पर, नित्य, अंतरंग आणि अपवाद असा उत्तरोत्तर वाढत्या बलाचा क्रम विवेचिला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केलेल्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी एकोणिसाव्या शतकात या ग्रंथाचे संपादन आणि इंग्रजी भाषांतर केले.

दुसरे सूत्र आधी लागले वा न लागले तरी जे लागू होतेच, ते नित्य. ‘अर्बोर्ग’ आधी लावली वा न लावली तरी ‘ब्लड मून’ लागू होतोच. ‘अर्बोर्ग’ मात्र ‘ब्लड मून’नंतर लागू होऊ शकत नाही. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ‘ब्लड मून’ नित्य आणि ‘अर्बोर्ग’ अनित्य होय. नित्यत्व जसे परत्वाला बाधते, तसेच अवलंबित्व कालमुद्रेला बाधते. नियमग्रंथाहून पत्ता श्रेष्ठ, हे सूत्र तर उत्सर्ग-अपवादन्यायाचेच रूप आहे. एक भेदही ध्यानात घ्यावयास हवा. व्याकरणात परत्व ग्रंथातील स्थानावरून ठरते, तर खेळात ते काळावरून ठरते. येथे प्रभाव सिद्ध करण्याचा हेतू नाही. समान समस्येतून समान उत्तरे स्वतंत्रपणे निपजतात, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

पंचाची कार्यपद्धती आणि व्यवस्थेच्या मर्यादा

स्पर्धेत खेळाडू शंका आल्यास पंचास बोलावितात. पंच नियमांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे देतो, परंतु कोणती खेळी हितकारक ठरेल हे सांगत नाही. त्याचा निर्णय अमान्य असल्यास मुख्य पंचाकडे दाद मागता येते आणि मुख्य पंचाचा निर्णय अंतिम असतो. वर विवेचन केलेल्या तत्त्वांवरून निर्णयाच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे मांडता येतील : अधिकृत मजकूर पाहणे, घटनांचा क्रम निश्चित करणे, मजकुरातील खुणांवरून परिणामाचा प्रकार ओळखणे, त्या प्रकारास लागू असलेला नियम लावणे, आणि नियम निवड सोपवीत असेल तेथे ती योग्य खेळाडूस करू देणे.

नियम बदलतातही. २००९ पर्यंत लढाईतील हानी चळतीवर ठेवली जात असे. त्यामुळे हानी ठरल्यानंतर आणि ती होण्यापूर्वी प्राण्याचा बळी देऊन दुहेरी लाभ घेता येई. २००९ मध्ये ही तरतूद रद्द झाली. त्यानंतर असे प्राणी लढाईची हानी अथवा बळीचा लाभ यांपैकी एकच देऊ लागले. एखादे उत्तर काल बरोबर होते म्हणून ते आजही बरोबर असेलच असे नाही.

काही प्रसंगी निश्चित नियमांनीही डाव संपत नाही. २००७ मधील ‘ऑब्लिव्हियन रिंग’ खेळात येताना भूमी नसलेला दुसरा एक पत्ता बाहेर काढते आणि स्वतः बाहेर जाताना तो परत आणते. भूमीखेरीज अन्य कोणताही पत्ता नसताना अशा तीन रिंगा एकामागून एक आल्या आणि प्रत्येकीने आधीचीला बाहेर काढले, तर तिसरी येताच न संपणारे चक्र सुरू होते. ते कोणालाच थांबविता येत नसेल तर डाव बरोबरीत सुटतो. २०१९ मध्ये अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी याहून मूलगामी निष्कर्ष मांडला. या खेळातील पत्त्यांनी ट्युरिंग यंत्राची रचना करता येते; त्यामुळे खेळाडूंना निवडीस वाव नसलेल्या डावाचाही शेवट काय होईल हे ठरविणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही. प्रत्येक पायरीचे उत्तर नियमांत आहे, पण सर्व पायऱ्यांच्या शेवटाचे उत्तर कोणाही पंचाजवळ असेलच असे नाही.

निष्कर्ष

१. नियमसंघर्षाचे समाधानकारक निराकरण प्रत्येक प्रसंगासाठी स्वतंत्र निर्णय लिहून होत नाही. बलाबल आणि क्रम ठरविणाऱ्या मोजक्या तत्त्वांनी ते होते.

२. ‘आधी आलेला’, ‘नंतर आलेला’ हे निकष उपयुक्त असले तरी अंतिम नाहीत. एक नियम दुसऱ्याच्या अस्तित्वावर अवलंबून आहे काय, हा प्रश्न त्यांच्या आधी विचारावा लागतो.

३. अपवादाचे बळ सामान्य नियमाहून अधिक असते. परंतु काही मूलभूत हक्क अपवादाच्याही आवाक्याबाहेर ठेवावे लागतात.

४. निर्णयाची रीत वाद उद्भवण्यापूर्वीच निश्चित असणे हे निःपक्षपातीपणाचे सर्वांत खात्रीचे साधन आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांनाही दोन परिपत्रके परस्परविरोधी ठरल्याचा, किंवा परीक्षेच्या नियमात न बसणारा विद्यार्थी समोर उभा राहिल्याचा अनुभव नवा नाही. अशा वेळी पुष्कळदा निर्णय आधी सुचतो आणि त्याला आधार देणारा नियम नंतर शोधला जातो. या खेळातील पंचाला तसे करण्याची मुभा नाही. समोरच्या दोघांपैकी कोण जिंकत आहे हे न पाहता त्याला पाठ, क्रम आणि स्तर तपासावे लागतात, आणि हरणाऱ्यालाही स्वतः ताडून पाहता येईल असे उत्तर द्यावे लागते. विद्यार्थ्याचे वर्ष पणाला लागले असताना निदान तेवढी शिस्त अपेक्षिणे गैर ठरू नये.